चर्चच्या छतासाठी लकी ड्रॉ: दान की जुगार?

प्रश्न असा आहे. चर्चच्या छताचे पत्रे बदलायचे आहेत. कमिटीनं शंभर रुपयांची तीन हजार कूपनं छापायचं ठरवलंय. पहिलं बक्षीस स्कूटर, खाली मिक्सर आणि कुकर, आणि नाताळच्या आधीच्या रविवारी सोडत. कूपनं तरुण संघ विकणार. मंडळीतले काही वडीलधारे म्हणतात, हा जुगार आहे, देवाच्या घरात नको. बाकीचे म्हणतात, पैसा चर्चलाच जातोय, मग पाप कसलं?

आधी सरळ उत्तर देतो. रचनेनं पाहिलं तर हा जुगारच आहे. मात्र कूपन घेणारा प्रत्येक जण पाप करतो, असा त्याचा अर्थ होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या वेगळ्या न केल्यामुळेच कमिटीच्या बैठकीत आवाज चढतात.

जुगार ओळखायला तीन गोष्टी पाहायच्या: पैसे मोजावे लागतात का, निकाल निव्वळ योगायोगावर आहे का, आणि जिंकणाऱ्याला बक्षीस मिळतं का. तिन्ही असतील तर तो जुगार, मग पैसा कुठल्याही चांगल्या कामाला जावो. यातली एक जरी नसली तर नाही. चर्चच्या रॅफलमध्ये, म्हणजे अशा कूपनांच्या सोडतीत, तिन्ही आहेत. हाउजीतही (आकडे पुकारत तिकिटावर खोडायचा खेळ, तंबोला) तिन्ही आहेत, तिकीट वीस रुपयांचं असलं तरी.

आता भिशीशी ताडून पाहा. बारा जणी दरमहा हजार रुपये भरतात, चिठ्ठी निघते आणि बारा हजार एकीला मिळतात. चिठ्ठी आहे, योगायोग आहे, पण वर्षाअखेर प्रत्येकीच्या हातात बारा हजार आलेले असतात. चिठ्ठीनं फक्त क्रम ठरवला, कुणाचं काही गेलं नाही. रॅफलमध्ये एकाच्या दारात स्कूटर उभी राहते, ती बाकीच्यांनी हरलेल्या पैशांतून. फरक चिठ्ठीत नाही, हरणाऱ्यात आहे.

पवित्र शास्त्रातल्या चिठ्ठ्यांचा दाखला बैठकीत हमखास दिला जातो, म्हणून हे नीट पाहू. शिलोह इथे यहोशवानं चिठ्ठ्या टाकून उरलेल्या सात वंशांना जमीन वाटून दिली (यहोशवा १८). गलबतावरच्या खलाशांनी योनाच्या वेळी चिठ्ठ्या टाकल्या. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित कोण, हे ठरवताना चिठ्ठी मत्थियाच्या नावानं निघाली (प्रेषितांची कृत्ये १:२६). नीतिसूत्रे १६:३३ सांगतं की चिठ्ठी पदरात माणूस टाकतो, निर्णय परमेश्वराचा असतो. या सगळ्या चिठ्ठ्या भिशीच्या जातीच्या आहेत. कुणी डाव लावलेला नाही, कुणी पैसे हरलेला नाही. मत्थियाच्या वेळी बर्सबा, म्हणजे योसेफ, निवडला गेला नाही, पण त्यानं काही गमावलंही नाही. दुसऱ्याच्या वस्तूसाठी चिठ्ठ्या टाकल्याचं ठळक चित्र एकच आहे: वधस्तंभाच्या पायथ्याशी बसून येशूच्या बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकणारे शिपाई (योहान १९:२४). तेव्हा मत्थियाचा दाखला देऊन रॅफलला मोकळीक मिळत नाही. आणि शिपायांचा दाखला देऊन रॅफलला शिक्षाही ठोठावता येत नाही, कारण तिथला विषय जुगार नाहीच.

‘जुगार खेळू नको’ अशी थेट आज्ञा शास्त्रात नाही, हे वडीलधाऱ्यांनीही मान्य करायला हवं. जे आहे ते आजूबाजूनं येतं. दहावी आज्ञा लोभाबद्दल आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात द्रव्याच्या लोभाला सर्व प्रकारच्या वाइटाचं मूळ म्हटलंय. यशया ६५:११ मध्ये नशीबदेवतेपुढे ताटं वाढणाऱ्यांना फटकारलंय. आणि माझ्या मते या प्रश्नात सगळ्यांत वजनदार वचन करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं आहे (९:७): ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कष्टी होऊन किंवा भाग पडलं म्हणून नव्हे, कारण संतोषानं देणारा देवाला आवडतो. हे वचन जुगाराविषयी बोलत नाही, दानाविषयी बोलतं. रॅफलचा खरा प्रश्नही दानाचाच आहे.

चर्चच्या परंपरा इथे एकमताच्या नाहीत. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या २४१३ व्या परिच्छेदानुसार नशिबाचे खेळ किंवा पैजा मुळातच न्यायाच्या विरुद्ध नाहीत. माणसाच्या स्वतःच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की त्या अमान्य ठरतात. जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, आणि खेळात फसवणूक करणं गंभीर आहे, असंही तिथे बजावलंय. म्हणून वसईत किंवा गोव्यात फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, वेळी हाउजी लागली तर फादर चर्चचा नियम मोडताहेत असं नाही. याउलट साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाचा सैनिक, म्हणजे सदस्य, होताना दारू-तंबाखूबरोबर जुगारही सोडल्याची प्रतिज्ञा करावी लागते. मेथॉडिस्ट परंपरा पहिल्यापासून कडक आहे. पैशाच्या वापरावरच्या प्रवचनात तिचा संस्थापक जॉन वेस्लीनं शेजाऱ्याच्या मालमत्तेला धक्का लावणाऱ्या गोष्टींत जुगाराला भरमसाट बिलांच्या आणि व्याजाच्या पंगतीत बसवलंय.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत हा वाद का पेटतो, याचं कारण इतिहासात आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन हे चर्च झालं. अहिल्यानगर भागात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. ते बोस्टनहून आलेलं, कडक शिस्तीच्या प्युरिटन वळणाचं. नंतर तिथेच इंग्लंडचं अँग्लिकन मिशन आलं, आणि इंग्लंडच्या पॅरिशमध्ये जत्रा, स्टॉल, रॅफल हे सगळं सवयीचं होतं. आज एकाच बाकावर बसणाऱ्या दोन घराण्यांच्या आजोबांनी दोन वेगळ्या गोष्टी शिकवलेल्या असतात. म्हणून समोरच्याला ‘ढिला’ किंवा ‘कर्मठ’ म्हणण्याआधी तो कुठल्या घरातून आलाय ते पाहावं. आणि परंपरा वाटतात तितक्या सरळ रेषेतही नाहीत. खुद्द अमेरिकेत अठराव्या शतकात चर्चच्या इमारतींसाठी लॉटऱ्या निघत, हार्वर्ड आणि येलनंही काढल्या होत्या. पुढे एकोणिसाव्या शतकात गैरव्यवहार वाढले तसं एकेका राज्यानं त्या बंद केल्या.

आता कागद-पेन्सिल घ्या, कारण बैठकीत हाच भाग कुणी मांडत नाही. समजा स्कूटर नव्वद हजारांची, बाकीची बक्षिसं पंचवीस हजारांची, छपाई नऊ हजार. एकूण खर्च १,२४,०००. म्हणजे पहिली १,२४० कूपनं फक्त दुकानदाराचं आणि छापखान्याचं बिल भरण्यासाठी विकायची. चारशे घरांच्या मंडळीत घरटी तीन कूपनं खपली, तरी छताला एक पत्रासुद्धा मिळालेला नाही. सगळी तीन हजार जाणार नाहीत. २,२०० गेली असं धरू. जमा २,२०,०००, खर्च वजा जाता उरले ९६,०००. शंभराच्या प्रत्येक कूपनातले जेमतेम ४४ रुपये छताला, ५२ बक्षिसांना, चार छपाईला. ‘पैसा चर्चलाच जातोय’ हे वाक्य निम्म्याहून अधिक चुकीचं आहे.

त्यावर कर येतो. लॉटरीत किंवा सोडतीत दहा हजारांपेक्षा मोठं बक्षीस निघालं की ३० टक्के कर आधी कापून सरकारात भरणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे. वस्तूच्या बक्षिसातून कापणार काय? म्हणून कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू हवाली करता येत नाही. नव्वद हजारांच्या स्कूटरवर सत्तावीस हजार. ज्या शेतमजुराच्या नावाची चिठ्ठी निघाली, त्याला भर स्टेजवर सांगायचं का, की सत्तावीस हजार आणा आणि मग चावी घ्या? कमिटीनं भरायचं ठरवलं तर छताला उरतात एकोणसत्तर हजार. वर करकपातीसाठी ट्रस्टचा टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) लागतो आणि विवरणपत्र भरावं लागतं. आणखी एक चूक फार होते: कूपनावर किंवा पावतीवर ‘८०जी खाली सवलत’, म्हणजे दानावरची आयकर सवलत, छापतात. कूपनाच्या बदल्यात बक्षिसाची संधी दिलेली असते, त्यामुळे ते दान नाही. ती पावती देणं म्हणजे खोटी पावती देणं.

कायदा तर याहून स्पष्ट आहे. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यात लॉटरीची व्याख्याच अशी आहे की तिकीट विकत घेणाऱ्यांना चिठ्ठीनं किंवा योगायोगानं बक्षिसं वाटायची कोणतीही योजना, तिला नाव काहीही द्या. ‘लकी ड्रॉ’, ‘मदतनिधी कूपन’, ‘सहभाग शुल्क’ म्हटल्यानं ती बदलत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली राज्य सरकारची नसलेली किंवा सरकारनं मंजुरी न दिलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तिची जाहिरात करणाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड. व्हॉट्सॲपवर फिरणारं रंगीत पोस्टर ही जाहिरातच आहे. महाराष्ट्रात त्याशिवाय १९५८ चा लॉटरी नियंत्रण आणि कर यांविषयीचा कायदा आहे. म्हणून छापखान्यात जाण्याआधी कूपनाचा मसुदा वकिलाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयात दाखवावा आणि उत्तर लेखी घ्यावं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या चर्चला हिशेब तपासनिसापुढे ठेवायचे असतात. जमेच्या बाजूला ‘लकी ड्रॉ’ लिहिलेलं तिथे दिसणारच. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं सांगणारा रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय शिकवणाऱ्या मंडळीनं परवानगीशिवाय सोडत काढू नये, हे माझं ठाम मत आहे. इथे परंपरेचा वाद उरतच नाही.

मुद्दा आहे माणसांचा. मंडळीत मटका सोडलेला एखादा तरी असतो, रमीच्या ॲपवर पगार घालवलेला एखादा तरुण असतो, आणि बहुतेक वेळा ते फक्त त्याच्या बायकोला आणि पाळकांना माहीत असतं. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं २०२५ मध्ये बंदी आणली ती अशाच घरांकडे पाहून. त्या माणसाच्या हातात चर्चच्याच आवारात दहा कूपनांचं पुस्तक देऊन ‘देवाच्या कामासाठी आहे’ म्हणणं याला करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय अडखळण म्हणतो. तुम्हाला मूर्तीला वाहिलेलं मांस खायची मोकळीक असेलही, पण तुमच्या खाण्यानं भाऊ पडत असेल तर खाऊ नका. रॅफलसाठी याहून नेमका निकष मला सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट सावकाश घडते, म्हणून ती अधिक वाईट. सलग पाच वर्षं लकी ड्रॉ झाला की मंडळी देण्याआधी बक्षीस विचारायला लागते. सहाव्या वर्षी विधवा निधीसाठी थाळी फिरवली की नाण्यांचा आवाज येतो, नोटांचा नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला कूपन मिळालं नव्हतं. मार्कच्या बाराव्या अध्यायात येशू तिच्याकडे बोट दाखवतो ते यासाठी की तिनं आपल्या गरिबीतून होतं नव्हतं ते सगळं दिलं, बदल्यात काही न मागता. हा सराव मंडळीच्या हातून सुटू देऊ नका.

मग छताचं काय? पत्रे तर बदलायचेच आहेत.

सगळ्यांत साधा मार्ग मोजून मागण्याचा. मिस्त्रीकडून लेखी अंदाज घ्या. समजा १२० पत्रे, हूक-वॉशर आणि मजुरीसह पत्र्यामागे १,५०० रुपये, म्हणजे १,८०,०००. प्लायवूडच्या फळीवर छताचा नकाशा काढा, १२० चौकोन, प्रत्येकात क्रमांक. पैसे आले की चौकोन रंगवायचा. चौकोनात नाव लिहायचं नाही, फक्त पावतीचा क्रमांक. नावं लिहिली की अर्ध्या पत्र्याचे साडेसातशे देणारा मागच्या बाकावर जाऊन बसतो, आणि डाव्या हाताला कळू नये हे मत्तयाचं वचनही मोडतं. ज्याला पूर्ण पत्रा झेपत नाही त्याच्यासाठी ‘एक वॉशर, दहा रुपये’ असाही चौकोन ठेवा. हा पैसा फक्त छताचा. उरला तरी पाळकांच्या घराच्या रंगाला वापरायचा नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्यात, नियम १२६७ मध्ये, हे लिहूनच ठेवलंय की ज्या कारणासाठी दिलं त्याच कारणासाठी वापरायचं. बाकीच्यांनीही तेच पाळावं.

हप्त्यांचं वचनही चालतं. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली, ती दहा वर्षं मदत करण्याच्या वचनावर. विधवांसाठीची त्यांची शाळा, शारदा सदन, १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाली ती अशा वचनाच्या बळावर. दरमहा शंभर रुपये, अठरा महिने, शंभर घरं. झाले १,८०,०००.

कापणीच्या सणाचा लिलाव तर आपल्या मंडळ्यांच्या अंगवळणी पडलेलाच आहे. कुणी कोंबडी आणतं, कुणी भोपळा, कुणी पायलीभर ज्वारी, आणि उपासनेनंतर आवारात बोली लागते. तीस रुपयांचा नारळ पाचशेला जातो. घेणाऱ्याला ठाऊक असतं की तीस नारळाचे आणि चारशे सत्तर देवाचे. योगायोग कुठेच नाही, म्हणून जुगार नाही. एकच पथ्य: हातोडी पडल्यावर लगेच पैसे घ्या किंवा नाव-रक्कम वहीत लिहून सही घ्या. ‘पुढच्या रविवारी देतो’ म्हणून राहिलेली बोली वसूल करताना भांडणं होतात. बिर्याणीचे किंवा केकचे स्टॉल हे सरळ विकणं आहे, त्यात प्रश्नच नाही.

सोडतीची मजाच हवी असेल तर तीनपैकी एक धागा तोडा: पैसे. कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाला दारात एक क्रमांक फुकट, दान दिलं असो वा नसो, लहानाला एक, मोठ्याला एक. बक्षिसं कुणीतरी दिलेली, लहानशी. दानपेटी वेगळ्या टेबलावर, वेगळ्या माणसाकडे. ‘शंभर रुपये दान द्या आणि एक क्रमांक मोफत मिळवा’ असं म्हटलंत की धागा पुन्हा जोडला जातो. मग वकील कितीही चांगला असो, ते कूपनच.

फुकट क्रमांकांची सोडतही स्वच्छ काढावी लागते, कारण शंका पैशांवरून नाही तर हातावरून घेतात. चिठ्ठ्यांच्या डब्यात नेहमी एकच गोष्ट बिघडते. पुस्तकातून फाडलेल्या चिठ्ठ्या गठ्ठ्यानं चिकटलेल्या राहतात, शेवटी आलेल्या वर तरंगतात, आणि जाड घडीची चिठ्ठी बोटाला आधी लागते. त्यापेक्षा चिठ्ठ्या नकोतच. क्रमांक ००० ते ५९९ द्या. ० ते ९ आकडे लिहिलेल्या दहा सारख्या सोंगट्या घ्या आणि आतलं न दिसणारी एक कापडी पिशवी. पहिल्या अंकासाठी पिशवीत ० ते ५ एवढ्याच टाका, पुढच्या दोन अंकांसाठी दर वेळी सगळ्या दहा. प्रत्येक सोंगटी काढल्यावर सगळ्यांना दाखवायची. वाटला न गेलेला क्रमांक निघाला तर तिन्ही अंक पुन्हा काढायचे, आणि हा नियम आधी जाहीर करायचा. पिशवीत हात घालणारा कमिटीच्या घरातला नको.

राहिला प्रश्न आधीच विकलेल्या कूपनांचा. कूपनं छापून झाली असतील आणि दोन-तीनशे गेली असतील तर गुपचूप पुढे रेटू नका, गुपचूप बंदही करू नका. रविवारी उपासनेनंतर सेक्रेटरींनी उभं राहून सांगावं की सोडत होणार नाही. त्याच दिवशी टेबल लावा, दोन माणसं बसवा, समोर स्थळप्रती क्रमानं रचलेल्या. ज्याला शंभर रुपये परत हवेत त्याला तिथेच द्या, कारण न विचारता, आणि कूपन परत घ्या. ज्याला छतासाठी ठेवायचे आहेत त्यानं स्थळप्रतीवर स्वतःच्या हातानं ‘दान’ लिहून सही करावी, आणि त्याला ट्रस्टची दानाची रीतसर पावती मिळावी. गावाबाहेरच्यांना फोन करा, दोन रविवार वाट पाहा. न विकलेली पुस्तकं मोजून, क्रमांक वहीत उतरवून, कमिटीसमोर फाडा. दुकानात स्कूटरसाठी आगाऊ रक्कम दिली असेल तर ती मागायला खजिनदारांनी सोमवारी सकाळीच जावं, गाडीची नोंदणी व्हायच्या आत.